झोन मोठा म्हणून औषध भारी? अँटिसेप्टिकची तुलना पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

टीवायला असताना आमच्या गटाने प्रोजेक्ट घेतला होता. बाजारातून पाच अँटिसेप्टिक आणायची, तीन जिवाणूंवर लावायची आणि सगळ्यात भारी कोणतं ते सांगायचं. जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषध लावलेल्या कागदी चकत्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी पट्टीने झोन (चकतीभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) मोजले, रंगीत बारचार्ट काढला आणि पहिला नंबर जाहीर केला. स्पिरिट (म्हणजे अल्कोहोल) शेवटचं आलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी चार्टकडे बघून एवढंच विचारलं, "मग सुई टोचण्याआधी नर्स स्पिरिटचा बोळा का फिरवते?" आम्ही चौघे एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

पुढे मीच बरीच वर्षं प्रॅक्टिकल घेतली. दरवर्षी निदान एक गट तोच बारचार्ट घेऊन येतो. म्हणून हे लिहितोय. बारावी किंवा बीएस्सीच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे हे. घरच्या स्वयंपाकघरात जिवाणू वाढवण्याचा उद्योग अजिबात करू नका.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"कोणतं औषध भारी" याला उत्तरच नाही. कोणत्या जिवाणूवर, किती तीव्रतेचं, किती वेळात आणि मळ-रक्त असताना की नसताना, हे चार तुकडे जोडले की प्रश्न होतो. उदाहरणार्थ: "लेबलवर सांगितल्याप्रमाणे पातळ केलेलं क्लोरोझायलेनॉल आणि ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, दोन्ही १ मिनिटात स्टॅफिलोकॉकस ऑरियसची संख्या किती कमी करतात?" जर्नलच्या पहिल्या पानावर हे वाक्य आलं की निम्मं काम झालं. आणखी एक: अँटिसेप्टिक म्हणजे कातडीवर, जखमेवर चालणारं. फिनेल आणि ब्लीच फरशीसाठी असतात. त्यांना एकाच शर्यतीत पळवू नका.

बाटल्या आणि त्यांचं पाणी

नाव वाचू नका, घटक वाचा. डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल असतं, ४.८ टक्के. सॅव्हलॉनच्या द्रावणात क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड अशी जोडी. बीटाडीन म्हणजे पोव्हिडोन आयोडीन, आपल्याकडे ५ आणि १० टक्क्यांत मिळतं. केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुतेक वेळा ६ टक्के असतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं. बॅच नंबर, एक्स्पायरी आणि बाटली उघडल्याची तारीख जर्नलमध्ये उतरवून घ्या. पेरॉक्साइड उघडून महिनोन्‌महिने कपाटात पडलं असेल तर त्यात उरलेलं बरंचसं पाणीच समजा.

पातळ करताना मुलं हमखास चुकतात. सवयीने सलाइन घेतात. क्लोरहेक्सिडीनला क्लोराइड भेटलं की त्याचा न विरघळणारा क्षार तळाला बसू शकतो, म्हणजे औषध नळीत असूनही द्रावणात नसतं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचाही त्रास होतो. निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि द्रावण त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवा. डेटॉल पाण्यात घातल्यावर दुधाळ होतं, ते बिघडलेलं नाही. क्लोरोझायलेनॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब तरंगतात. म्हणून पिपेटमध्ये घेण्याआधी नळी नीट हलवा.

पोव्हिडोन आयोडीनची गंमत वेगळीच आहे. पॉलिमरने आयोडीन धरून ठेवलेलं असतं आणि मारतं ते सुटं झालेलं आयोडीन. १० टक्क्यांचं द्रावण थोडं पातळ केलं तर पकड सैल होऊन सुटं आयोडीन उलट वाढतं. साधारण ०.१ टक्क्यापाशी ते सर्वांत जास्त असतं. त्यामुळे पातळ द्रावण दाट द्रावणापेक्षा लवकर मारताना दिसलं तर 'प्रयोग चुकला' म्हणून पान फाडू नका. मात्र पातळ द्रावणातला एकूण साठा कमी असतो, थोडी घाण आली की तो संपतो.

अल्कोहोलचंही तसंच. निव्वळ अल्कोहोलपेक्षा ७० टक्के जास्त चांगलं मारतं, कारण प्रथिनं विस्कटायला पाणीही लागतं. आणि ७० टक्क्यांचा बीकर पेटत्या बर्नरपासून लांब ठेवा. टेबलावर निळसर ज्योत दिसतही नाही, मी एकदा हातरुमालाने विझवली आहे.

जिवाणू कुठले घ्यायचे

ग्रॅम स्टेन नावाच्या रंगचाचणीने जिवाणूंचे दोन मोठे गट पडतात; त्यातला कमीत कमी एक ग्रॅम पॉझिटिव्ह आणि एक ग्रॅम निगेटिव्ह हवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा ही नेहमीची त्रयी. पण पहिला आणि तिसरा रोग करू शकतात, ई. कोलायचे काही प्रकारही. शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात काम असेल तर त्यांच्या जागी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, ई. कोलायचा के-१२ आणि स्यूडोमोनास प्युटिडा घ्या. हेतू तोच साधतो. चौथा गडी म्हणून बॅसिलस सबटिलिस जरूर घ्या, त्याचं कारण पुढे येईल.

नाल्याचं पाणी, मोबाइलचा स्वॅब, मित्राच्या नाकातला स्वॅब असलं काही आणू नका. काय वाढतंय ते कळत नाही आणि दुसऱ्याला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. ओळख असलेला स्ट्रेन (जिवाणूचा ठरावीक वाण) घ्या: पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, चंडीगडला तसाच एमटीसीसी आहे. कॉलेजच्या फ्रीजमध्ये स्लँट (तिरप्या माध्यमावर जिवाणू जपलेली नळी) असेल तर तोही चालेल, पण आधी ग्रॅम स्टेन करून बघा. लेबल एक आणि नळीत दुसराच, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

सगळ्यांची सुरुवात सारखी

रात्रभर वाढवलेल्या कॉलनी (जिवाणूंचे प्लेटवर दिसणारे ठिपके) निर्जंतुक सलाइनमध्ये कालवा आणि गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडशी (गढूळपणा ताडायच्या ठरावीक द्रावणाशी) जुळवा. हे द्रावण लॅबमध्ये करता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचं ०.०५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक ॲसिडचं ९.९५ मिली. पांढऱ्या कागदावर काळी रेघ मारून दोन्ही नळ्या तिच्यासमोर धरा. रेघ सारखीच अंधुक दिसली की मिलीमध्ये साधारण १.५ × १०⁸ जिवाणू आहेत. एका प्लेटला दाट आणि दुसरीला पातळ द्रावण लावलं तर तुलना तिथेच संपली.

चकतीची पद्धत, आणि ती कुठे फसवते

ही करायला हरकत नाही, सोपी आहे आणि डोळ्यांना दिसते. म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम), ९ सेंमीच्या प्लेटमध्ये २५ मिली, म्हणजे थर ४ मिमीचा. सूती स्वॅबने तीन दिशांनी जिवाणूंचा लॉन (सगळीकडे सारखा थर) टाका. ६ मिमीच्या निर्जंतुक चकतीवर प्रत्येकी १० मायक्रोलिटर द्रावण सोडून त्या ठेवा. एका प्लेटवर चारपेक्षा जास्त नकोत, त्यातली एक नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची. ३५ ते ३७ अंशांना १६ ते १८ तास ठेवा आणि झोनचा व्यास चकतीसकट मोजा.

आता हा झोन काय सांगतो ते बघा. औषध अगारमधून किती लांब पसरलं आणि तिथे वाढ थांबली का, एवढंच तो सांगतो. मारलं का, किती वेळात मारलं, हे त्याला माहीतच नाही. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: चकतीवरचं स्पिरिट प्लेट इनक्युबेटरमध्ये जाईपर्यंत उडून जातं. झोन पडायला औषध तासन्‌तास तिथे राहावं लागतं, स्पिरिट मात्र कातडीवर काही सेकंदांत काम उरकून निघून जातं.

क्लोरहेक्सिडीनचा रेणू धनभारित असतो, तो अगारलाच चिकटतो आणि लांब जात नाही. आयोडीन तर माध्यमाशीच संसार थाटतं: म्युलर-हिंटनमध्ये लिटरला १.५ ग्रॅम स्टार्च असतो, शिवाय भरपूर प्रथिनं, आणि आयोडीन दोन्हींना धरतं. बीटाडीनच्या चकतीभोवती निळसर-जांभळी छटा दिसली तर घाबरू नका, ती स्टार्चची आहे. पेरॉक्साइड छान पसरतं, पण बुडबुड्यांनी चकतीच उचलली जाते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकाच औषधाची वेगवेगळी तीव्रता किंवा एकाच औषधावर वेगवेगळे जिवाणू ताडून बघायला झोन ठीक आहे. दोन वेगळ्या औषधांचे झोन शेजारी ठेवून नंबर लावणं म्हणजे पोहणारा आणि धावणारा यांची मातीत शर्यत लावणं.

खरी परीक्षा: घड्याळ लावून

इथे औषध आणि जिवाणू ठरावीक वेळ एकत्र ठेवायचे, मग औषध अचानक निकामी करायचं आणि किती जिवंत राहिले ते मोजायचं. 'निकामी करायचं' या दोन शब्दांत सगळं आहे.

१८८१ मध्ये रॉबर्ट कॉखने रेशमी धाग्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू (जिवाणूंचं कडक कवचातलं चिवट रूप) वाळवून ते निरनिराळ्या द्रावणांत बुडवले. मर्क्युरिक क्लोराइडच्या अतिशय पातळ द्रावणानेही बीजाणू मरतात, असं त्याला दिसलं. १८८९ मध्ये गेपर्टने तोच प्रयोग करताना धाग्याला चिकटून राहिलेला पारा अमोनियम सल्फाइडने निकामी केला, आणि 'मेलेले' बीजाणू उगवले. ते मेलेच नव्हते. चिमूटभर पारा सोबत माध्यमात जात होता आणि तिथे त्यांची वाढ अडवत होता. कॉखची चूक आपण आजही करतो, फक्त पाऱ्याऐवजी सॅव्हलॉन असतं.

त्यामुळे न्यूट्रलायझर, म्हणजे औषध निकामी करणारं मिश्रण, लागतो. बहुतेक औषधांना पुरेल असं मिश्रण: ट्वीन-८० तीन टक्के, लेसिथिन ०.३ टक्के, सोडियम थायोसल्फेट ०.५ टक्के. क्लोरहेक्सिडीन, सेट्रिमाइड आणि क्लोरोझायलेनॉल यांना ट्वीन आणि लेसिथिन अडकवतात, आयोडीनला थायोसल्फेट. स्पिरिट दहापट पातळ झालं की आपोआप निष्प्रभ होतं. लेसिथिन पाण्यात थेट टाकलंत तर गोळेच राहतील. आधी कोमट ट्वीनमध्ये घोळवा, मग ढवळत पाणी घाला, शेवटी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं). दमेल तो हात आणि लागतील ते पैसे यांचा हिशेब केला तर डे-एन्गली ब्रॉथची तयार पावडर बरी. ती जांभळी असते आणि जिवाणू वाढले की पिवळी पडते.

प्रयोगाचा क्रम असा:

१. निर्जंतुक नळीत ९.९ मिली औषधाचं द्रावण घ्या. शेजारच्या नळीत ९.९ मिली सलाइन, हे कंट्रोल. दोन्ही वॉटर बाथमध्ये ३० अंशांवर दहा मिनिटं ठेवा. तापमानाने मारण्याचा वेग बदलतो, आणि मेमधली नागपूरची लॅब म्हणजे डिसेंबरमधली नाशिकची लॅब नव्हे.

२. मॅकफार्लंड जुळवलेलं द्रावण ०.१ मिली टाका, हलवा आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा. आता मिलीमध्ये साधारण १५ लाख जिवाणू आहेत.

३. ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं अशा वेळी १ मिली काढून ९ मिली न्यूट्रलायझरमध्ये टाका. हे काम दोघांचं आहे: एकाने वेळ पुकारायची, दुसऱ्याने पिपेट धरायचं. एकट्याने करायला गेलात तर ३० सेकंदांचे ५० होतात. बीटाडीनचा तपकिरी रंग न्यूट्रलायझरमध्ये पडताच उडतो, तेवढं एक तरी डोळ्यांनी दिसतं. पिपेट तोंडाने ओढायचं नाही, हे सांगायला लागू नये.

४. पाच मिनिटं थांबून दहा-दहापटीने सलाइनमध्ये पातळ करत जा. प्रत्येक पायरीतून ०.१ मिली न्यूट्रियंट अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी ३० ते ३०० कॉलनी असलेली प्लेट मोजा.

या सगळ्याआधी दोन छोट्या तपासण्या करा, नाहीतर पुढचं सगळं वाया. पहिली: नुसत्या न्यूट्रलायझरमध्ये मोजके जिवाणू टाका, ते जगले पाहिजेत. तोच विषारी असेल तर औषधाचं फुकटचं कौतुक होईल. दुसरी: १ मिली औषध ९ मिली न्यूट्रलायझरमध्ये मिसळा, पाच मिनिटांनी त्यात जिवाणू टाका. तेही जगले तरच न्यूट्रलायझर खरंच काम करतोय. माझ्या पहिल्या बॅचने ही दुसरी तपासणी 'वेळ नाही' म्हणून गाळली आणि सेट्रिमाइडला शंभरपैकी शंभर गुण दिले. नंतर केली तेव्हा न्यूट्रलायझरमध्ये लेसिथिनच घातलं नसल्याचं निघालं.

गणित

मनातले आकडे घेऊ. कंट्रोलच्या १० × १० × १० पट पातळ नळीतून ०.१ मिली पसरल्यावर १५० कॉलनी आल्या. म्हणजे १५० × १० × १००० = १५ लाख प्रतिमिली. औषधाच्या फक्त दहापट पातळ नळीतून ४५ आल्या, म्हणजे ४५ × १० × १० = ४,५००. पंधरा लाखांना ४,५०० ने भागलं तर साधारण ३३३, त्याचा लॉग (१० चा कितवा घात) २.५. हीच लॉग घट. टक्क्यांत सांगितलं तर ९९.७, ऐकायला जबरदस्त. पण मिलीमध्ये साडेचार हजार जिवंत आहेत. जाहिरातीतले ९९.९ टक्के म्हणजे लॉग ३, पंधरा लाखांतले दीड हजार शिल्लक. टक्के लिहू नका, लॉग लिहा. युरोपातल्या सस्पेन्शन चाचण्यांत (आपल्यासारख्याच, जिवाणू द्रवात मिसळून केलेल्या) जिवाणूंसाठी लॉग ५ ची घट मागतात, यावरून अंदाज येईल.

एकही कॉलनी आली नाही तर 'शून्य' लिहायचं नाही. दहापट पातळ नळीतून ०.१ मिली पसरलंय, म्हणजे प्लेटवरची एक कॉलनी मूळ मिलीमधल्या १०० जिवाणूंची. तुमचं उत्तर '१०० पेक्षा कमी' आणि घट '४.२ पेक्षा जास्त' एवढंच. लॉग ५ चा दावा करायचा असेल तर पूर्ण १ मिली पोअर प्लेटने (वितळलेल्या अगारमध्ये मिसळून) लावा, मग मर्यादा १० वर येते.

आणि तीनदा करा, पण तीन वेगवेगळ्या दिवशी, नवीन कल्चर घेऊन. एकाच नळीतून लावलेल्या तीन प्लेटा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

आकडे वाचताना

स्टॅफिलोकॉकस सहसा लवकर हार मानतो. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरचं एक जादा पटल असतं, ते बरीच रसायनं अडवतं. त्यातही स्यूडोमोनास चिवट. पेशीत शिरलेलं रसायन बाहेर फेकणारे पंपही त्याच्याकडे आहेत. क्लोरोझायलेनॉल त्याच्यावर कमी पडतं. सेट्रिमाइडची तर गोष्टच सांगतो: स्यूडोमोनास एरुजिनोसा वेगळा काढायला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ 'सेट्रिमाइड अगार' वापरतात. त्यातल्या ०.०३ टक्के सेट्रिमाइडने बाकीचे बहुतेक दबतात आणि हा हिरवट रंग सोडत मजेत वाढतो. अँटिसेप्टिकमधला एक घटक याच्यासाठी जवळजवळ खानावळ आहे. म्हणूनच पातळ करून ठेवलेलं अँटिसेप्टिक दिवसेंदिवस वापरायचं नसतं.

आता चौथा गडी. बॅसिलसचं जुनं कल्चर ८० अंशांना दहा मिनिटं ठेवलं की उरतात ते बीजाणू. त्यांना ७० टक्के अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं ठेवा. कंट्रोलइतक्याच कॉलनी येतील. क्लोरहेक्सिडीनचंही तेच. हॅंड सॅनिटायझरच्या बाटलीवर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही ही एक प्लेट दाखवा.

वेळ उरला तर घाण घालून बघा. युरोपीय पद्धतीत 'स्वच्छ' स्थितीसाठी लिटरला ०.३ ग्रॅम आणि 'मळकट'साठी ३ ग्रॅम अल्ब्युमिन (एक प्रथिन) घालतात. अल्ब्युमिन महाग, स्किम्ड मिल्क पावडरवर भागतं. आयोडीन आणि पेरॉक्साइड यांचे आकडे इथे घसरलेले दिसतील. ही कल्पना नवी नाही. १९०३ मध्ये रिडिअल आणि वॉकर यांनी टायफॉइडच्या जिवाणूवर फिनॉलशी तुलना करून औषधांना गुण द्यायची पद्धत काढली. १९०८ मध्ये हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन म्हणाले, खऱ्या जगात घाण असते, ती नळीत का नाही? आणि त्यांनी चक्क विष्ठा मिसळून चाचणी केली. आपण दूध पावडरवर थांबू.

आवरताना

प्लेटा उघडून वास घ्यायचा नाही, फोटो झाकणातूनच काढा. वापरलेल्या प्लेटा, नळ्या, स्वॅब, सगळं ऑटोक्लेव्हच्या पिशवीत घालून १२१ अंशांवर १५ पौंड दाबाला निदान अर्धा तास ठेवा. घट्ट भरलेल्या पिशवीच्या मधोमध वाफ पोचायला वेळ लागतो, म्हणून माध्यमाला पुरतात ती पंधरा मिनिटं इथे पुरत नाहीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कल्चर असं आधी मारून मगच पिवळ्या पिशवीत जातं. सिंकमध्ये ओतायचं नाही. टेबल ७० टक्के अल्कोहोलने पुसा (बर्नर बंद करून), आणि जर्नल त्याच संध्याकाळी पूर्ण करा. दुसऱ्या दिवशी '४५' होते की '५४' हे कोणालाच आठवत नाही.